पहिल्या दिवसाचा कागद

आम्ही चौदा जणींचा बचत गट. आज बोलायला आम्ही तिघी आलोय, पण जे सांगणार आहोत ते चौदाही जणींचं आहे. म्हणून "मी" न म्हणता "आम्ही" म्हणूनच सांगतो.

विषय आहे अपघाताचा, त्यातून येणाऱ्या अपंगत्वाचा आणि त्यासाठी असलेल्या विम्याचा. विषय ऐकून काही जणी म्हणतील, कशाला अभद्र बोलता? आमच्याही घरात असंच म्हणायचे. पण दोन वर्षांत आमच्या गटातल्या दोघींचे हात गेले. एकीची बोटं कारखान्यात गेली, दुसरीचा हात घरच्या कुट्टी मशीनमध्ये. पहिलीच्या वेळेला आम्हाला काहीच माहीत नव्हतं. दुसरीच्या वेळेला थोडं माहीत झालं होतं. त्या दोन्हीत जो फरक पडला, तोच आज सांगायचाय.

पहिली गोष्ट: ताईंची

आमच्या ताई रोज सकाळी साडेसहाच्या टेम्पोने एमआयडीसीत जायच्या. लोखंडी पार्ट बनवायचा छोटा कारखाना. ताई प्रेस मशीनवर. ठेकेदाराकडून लागलेल्या, महिना बारा हजार. एका दिवशी दुपारच्या जेवणानंतर प्रेस खाली आली आणि उजव्या हाताची तीन बोटं गेली.

कारखान्यातल्या माणसाने ताईंना गाडीत घालून खासगी दवाखान्यात नेलं. ते बरं केलं. पण वाटेत ताईंच्या मालकांना, म्हणजे आमच्या भाऊजींना, फोन करून सांगितलं, "डॉक्टरांना सांगा घरी पडल्या, हात दारात चेंगरला. मशीनचं नाव निघालं की पोलीस येतील, कंपनी बंद पडेल, चाळीस जणांची रोजी जाईल. दवाखान्याचा सगळा खर्च आम्ही बघतो." भाऊजी घाबरलेले. समोर बायको रक्ताने भिजलेली. ते हो म्हणाले. केस पेपरवर लिहिलं गेलं, "घरात पडून इजा".

दवाखान्याचं पहिलं बिल कंपनीने भरलं. दुसरं अर्धं भरलं. तिसऱ्या वेळेला फोन उचलला नाही. ठेकेदार म्हणाला, "बरं वाटलं की बघू." तोपर्यंत घरात दीड महिना ताईंचा पगार नव्हता. मुलीची बारावीची फी भाऊजींनी उसने घेऊन भरली. ताई गटाच्या बैठकीला येईनात. आम्हाला वाटलं हप्ता थकलाय म्हणून लाजतात. शेवटी आम्ही चौघी-पाच जणी त्यांच्या घरी गेलो.

गेल्यावर काय बोलायचं तेही कळेना. मग एकीने विचारलं, "ताई, पगाराची चिठ्ठी मिळते का?" ताईंनी पत्र्याच्या पेटीतून चिठ्ठ्या काढल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक ओळ होती: "ईएसआय" आणि पुढे ९० रुपये कपात. ताई म्हणाल्या, "ते काहीतरी कापतात. सगळ्यांचंच कापतात." तीन वर्षं दर महिन्याला ९० रुपये जात होते, आणि ते कशाचे हे ताईंना कोणी सांगितलं नव्हतं. आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

त्या ९० रुपयांत काय होतं

मैत्रिणींनो, ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा. जिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत अशा कारखान्यांना आणि बऱ्याच दुकानांना, हॉटेलांना तो लागू होतो. सध्या महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी आहे. अपंग कामगारांसाठी ती मर्यादा २५,००० आहे. कामगाराच्या पगारातून शेकडा पाऊण रुपया जातो, म्हणजे बारा हजारावर ९० रुपये. मालक आपल्या खिशातून शेकडा सव्वातीन रुपये भरतो. ठेकेदाराकडून लागलेली बाईसुद्धा यात येते. "तू ठेकेदाराची, तुला नाही" हे खरं नाही.

आता यातून मिळतं काय? कामावर अपघात झाला आणि काही दिवस काम करता येत नसेल, तर बरं होईपर्यंत रोजच्या पगाराच्या ९० टक्के पैसे मिळतात. अपघात कामावर रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी झाला तरी मिळतात. इतके महिने भरले पाहिजेत अशी अट त्याला नाही. घरून कामाला जाता-येताना वाटेत अपघात झाला आणि तो कामाच्या जाण्यायेण्याशी जोडलेला असेल, तर तोही कामावरचाच धरतात. आमच्या गावातून रोज तीन टेम्पो भरून बाया जातात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आणि अवयव कायमचा गेला असेल तर वैद्यकीय मंडळ तपासतं आणि कमावण्याची ताकद किती टक्के कमी झाली ते ठरवतं. त्याचा तक्ता कायद्यातच आहे. एका हाताची तीन बोटं गेली तर ३० टक्के. चारही बोटं गेली तर ५० टक्के. एकटा अंगठा गेला तरी ३० टक्के. त्या टक्क्यांप्रमाणे पैसे मिळतात, आणि ते एकदाच नाही, जन्मभर मिळतात.

समजायला सोपा हिशोब करू. ताईंचा रोज चारशे रुपये धरा. त्याचे ९० टक्के झाले ३६०. घरी बसावं लागलं तेवढे दिवस रोजचे ३६०. नंतर ३० टक्के अपंगत्व ठरलं, तर ३६० चे ३० टक्के, म्हणजे रोजचे १०८ रुपये. महिन्याचे सव्वातीन हजाराच्या आसपास. ताई आज अडतीस वर्षांच्या आहेत. जन्मभर दर महिन्याला सव्वातीन हजार म्हणजे किती, ते तुम्हीच मोजा. "घरी पडल्या" या दोन शब्दांनी हे सगळं पुसलं जात होतं.

कागद सरळ करायला लागलेले सात महिने

आम्ही ताईंना घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात गेलो. तिथल्या बाई नीट बोलल्या. म्हणाल्या, "मालकाने अपघाताचा अहवाल पाठवायचा असतो, तो आलेला नाही. केस पेपर म्हणतो घरी पडल्या. तुम्ही लेखी अर्ज द्या, आम्ही चौकशी लावतो."

मग सुरू झाली पळापळ. त्या दिवशी मशीनवर शेजारी कोण होतं? दोन बायांनी सांगितलं, पण लिहून द्यायला घाबरल्या. त्यांचीही पोटं होती. शेवटी त्यातली एक तयार झाली. ती आमच्या गटातली नव्हती, शेजारच्या गावची होती. तिचे उपकार आम्ही विसरणार नाही. टेम्पोवाल्या दादांनी लिहून दिलं की त्या दिवशी सकाळी ताई टेम्पोत होत्या आणि संध्याकाळी परत आल्या नाहीत. हजेरीच्या वहीत त्या दिवशीची ताईंची हजेरी लागलेली निघाली. डॉक्टरांनी जुना कागद बदलला नाही, पण जखम कशी होती ते वेगळ्या कागदावर लिहून दिलं: यंत्रात चिरडल्यासारखी जखम.

हे सगळं व्हायला सात महिने गेले. चौकशी झाली, अपघात कामावरचा मानला गेला, मागचे पैसे मिळाले, मंडळापुढे तपासणी झाली. आता ताईंच्या खात्यात दर महिन्याला पैसे येतात. पण त्या सात महिन्यांत मंगळसूत्र गहाण पडलं होतं. मुलीने एक वर्ष शिक्षण थांबवलं. ते वर्ष कोणत्या विम्यातून परत येत नाही.

त्या दिवशी दवाखान्यात भाऊजींनी एवढंच म्हटलं असतं, "खरं आहे ते लिहा," तर हे सात महिने एक-दोन महिन्यांवर आले असते. भाऊजींना आम्ही दोष देत नाही. तिथे आमच्यातली कोणीही असती तरी तेच म्हणाली असती. म्हणून तर आज रेडिओवर सांगतोय. डॉक्टरांना खोटं सांगू नका. अपघात मशीनवर झाला तर मशीनवर झाला म्हणा. पोलीस येऊ देत. मालकानेही विम्याचे पैसे भरायचेच असतात.

आणखी एक. कारखान्यात अपघाताची वही असते. त्यात आपलं नाव, वेळ, कुठल्या मशीनवर, काय झालं हे लिहायचं असतं. आपण बोलायच्या स्थितीत नसलो तर सोबतच्या बाईने लिहायला लावायचं. त्या पानाचा फोनवर फोटो काढून ठेवायचा. आज बऱ्याच घरांत फोटो काढणारा फोन आहे, तो याच कामाला लावा.

कारखाना छोटा असेल, दहाही माणसं नसतील, तर बहुतेकदा ईएसआय नसतो. तरीही रिकाम्या हाताने परत येऊ नका. कामावरच्या अपघाताची भरपाई मालकाने द्यायची, हे आपल्या देशात १९२३ सालापासून कायद्यात आहे. तो दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात चौकशी करायची. तिथेही पहिला प्रश्न तोच विचारतात, अपघात कामावर झाल्याचा कागद कुठे आहे?

वीस रुपयांचा विमा आणि आमचा गैरसमज

ताईंच्या वेळेला आमची आणखी एक चूक कळली. आमच्या गटातल्या सगळ्यांनी बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरलेला होता. वर्षाला २० रुपये. आम्हाला वाटलं, चला, ताईंना त्यातून तरी लाखभर मिळतील. बँकेत गेलो तर कळलं, बोटं गेली तर त्यात काही मिळत नाही.

म्हणून ही योजना नीट सांगतो. ती २०१५ साली सुरू झाली. तेव्हा वर्षाला १२ रुपये होते, जून २०२२ पासून २० रुपये झाले. वय १८ ते ७०. बँकेत किंवा पोस्टात खातं पाहिजे. अपघाताने मृत्यू झाला तर वारसाला दोन लाख. दोन्ही डोळे, किंवा दोन्ही हात, किंवा दोन्ही पाय, किंवा एक डोळा आणि एक हात अगर पाय कायमचा निकामी झाला तर दोन लाख. एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी झाला तर एक लाख. एक-दोन बोटं गेली, हाड मोडलं आणि जुळलं, याला त्यात पैसे नाहीत. आजारपणाला नाहीत. आणि ४३६ रुपयांचा दुसरा विमा बँकेत काढतात, जीवन ज्योती, तो फक्त मृत्यूनंतरचा आहे. अपंगत्वाला त्यातून काही नाही. या दोन्हींत आपल्या बायांचा घोटाळा होतो.

या विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं. पैसे खात्यातून आपोआप कापले जातात. पण खात्यात पैसेच नसतील तर कापणार काय? मे महिन्यात आपली खाती रिकामी असतात. बी-बियाणं, शाळेची वह्या-पुस्तकं, लग्नसराई. वीस रुपये नाहीत म्हणून विमा बंद पडतो आणि आपल्याला पत्ताच नसतो. दोन खाती असली आणि दोन्हीतून कापले गेले, तरी विमा एकाच खात्याचा मिळतो.

ताईंच्या घटनेनंतर आम्ही एक नियम केला. मे महिन्याच्या बैठकीत प्रत्येकीने पासबुक भरून आणायचं. ज्यांच्या खात्यात वीस रुपये नाहीत, त्यांचे गटाने टाकायचे आणि पुढच्या हप्त्यात वळते करायचे. पहिल्याच मे महिन्यात कळलं की चौदातल्या पाच जणींचा विमा आधीच बंद पडला होता. त्या पाच जणींत एक आमची वहिनी होती.

दुसरी गोष्ट: वहिनीची

वहिनीला जमीन नाही. दोन म्हशी आहेत, दूध डेअरीला घालते. पावसाळ्याच्या तोंडावर संध्याकाळी कुट्टी मशीनवर कडबा घालताना साडीचा पदर गुंतला, तो सोडवायला गेली आणि डावा हात मनगटापासून गेला.

या वेळेला आम्ही रडत होतो, पण हातपाय हलत होते. एक जण वहिनीबरोबर सरकारी दवाखान्यात गेली आणि डॉक्टरांना पहिल्याच वेळेला सांगितलं, "कुट्टी मशीनमध्ये हात गेला, आज संध्याकाळी सहाच्या सुमाराला." तसंच लिहून घेतलं. दुसरी पोलीस पाटलांकडे गेली. पोलिसांत नोंद झाली, दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. तिसरीने वहिनीचं पासबुक शोधलं. त्या मे महिन्यात वीस रुपये कापल्याची ओळ त्यात होती. ते गटाने टाकलेले वीस रुपये होते.

बँकेत आठव्या दिवशी कळवलं. या विम्याचा दावा अर्ज अपघातापासून ३० दिवसांच्या आत बँकेत द्यायचा असतो. आम्ही तो विसाव्या दिवशी दिला. सोबत काय काय लागलं ते लिहून घ्या: दावा अर्ज, पोलीस नोंद आणि पंचनामा, दवाखान्याचे केस पेपर आणि डिस्चार्ज कार्ड, आधार, पासबुकची प्रत, आणि अपंगत्वाचा सिव्हिल सर्जनचा दाखला. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स काढा. अर्ज दिल्यावर त्याच्या प्रतीवर बँकेचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का नसेल तर अर्ज दिला हे सांगायला आपल्याकडे काही उरत नाही.

वहिनीच्या खात्यात एक लाख रुपये आले. हात परत आला नाही. पण म्हशी विकाव्या लागल्या नाहीत.

ज्यांच्या घरात सातबारा आहे त्यांच्यासाठी आणखी एक योजना आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातला आणखी एक जण, वय १० ते ७५. साप चावणं, वीज पडणं, विजेचा धक्का, झाडावरून किंवा विहिरीत पडणं, रस्त्यावरचा अपघात, यंत्राचा अपघात. मृत्यू झाला किंवा दोन अवयव गेले तर दोन लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेला तर एक लाख. त्याला हप्ता भरावा लागत नाही. पण अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे गेला पाहिजे. आपल्या सोनं नाही, पैसा नाही, पण सातबाऱ्यावर नाव आहे अशा कितीतरी बाया आहेत. हा अर्ज घरातल्या गड्यांवर सोडू नका. दुखवट्यात आणि दवाखान्यात ३० दिवस कधी निघून जातात कळत नाही. दुसऱ्या एखाद्या सरकारी योजनेतून त्याच अपघाताची मदत घेतली असेल, तर ते कृषी कार्यालयात आधी सांगा आणि विचारून घ्या.

दाखला एक नाही, तीन

इथे एक गोंधळ होतो तो सोडवतो. ताईंचं ईएसआयच्या मंडळाने ३० टक्के ठरवलं. मग दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सिव्हिलमध्ये गेल्या, तिथे टक्के वेगळे आले. ताई म्हणाल्या, "हात एकच, टक्के दोन कसे?" ते असंच असतं. ईएसआय बघतं कमाई किती घटली. सिव्हिलचं मंडळ बघतं अवयवाचं काम किती घटलं. बँकेचा विमा बघतो हात पूर्ण निकामी आहे का नाही. प्रत्येक खिडकीचं मोजमाप वेगळं. एका खिडकीवर नाही म्हणाले म्हणून दुसरीकडे जायचं सोडू नका.

सिव्हिलचं प्रमाणपत्र आणि त्याचं कार्ड, ज्याला यूडीआयडी म्हणतात, ते मात्र काढून ठेवाच. त्याचा अर्ज ऑनलाइन होतो, मग दवाखान्यात तपासणीला बोलावतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. फक्त हातपाय आणि डोळे नाहीत. कमी ऐकू येणं, मनाचा आजार, सिकलसेल, थॅलेसेमिया हेही त्यात आहेत. ४० टक्के किंवा जास्त असेल तर बऱ्याच योजना उघडतात. संजय गांधी निराधार योजनेचं महिन्याचं अनुदान तहसील कार्यालयातून मिळतं, त्याला उत्पन्नाची अट आहे. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उठून विचारा, यंदा ते पैसे कशावर गेले?

कामावर परत जायचं, आणि लवकर जायचं

आता ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही ते बोलतो. पैसे मिळाले म्हणजे सगळं झालं असं नाही. बाईचं काम गेलं की तिची घरातली जागाही हलते. ताई घरी बसल्या तेव्हा सासूबाई म्हणायच्या, "आता तू आराम कर." प्रेमानेच म्हणायच्या. पण तीन महिन्यांत ताई कोणाशी बोलेनाशा झाल्या. टेम्पोचा हॉर्न वाजला की आतल्या खोलीत जायच्या.

दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी आम्हाला सांगितलं, "हात आणि काम, दोघांनाही लवकर चालवा. जितका उशीर कराल तितका हात आखडतो, आणि कामावरची जागाही भरते." म्हणून चौकशी चालू असतानाच आम्ही ताईंबरोबर कारखान्यात गेलो. भांडायला नाही, बोलायला. सुपरवायझर म्हणाले, "मशीन चालवता येत नाही तर काय काम देऊ?" आम्ही घरून तयारी करून गेलो होतो. ताईंनी स्वतः सांगितलं, "साहेब, मशीन नको. पार्ट तपासणं आणि मोजणं मला येतं. डाव्या हाताने करते. टेबल दोन वीत उंच पाहिजे आणि बसायला स्टूल पाहिजे. पहिले पंधरा दिवस अर्धा दिवस घ्या, नाही जमलं तर मीच सांगेन."

लगेच हो म्हणाले नाहीत. दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा म्हणाले. आता ताई तपासणीच्या टेबलावर आहेत. ओव्हरटाइम पूर्वीसारखा मिळत नाही, तेवढे पैसे कमी झाले. पण साडेसहाच्या टेम्पोत त्यांची जागा आहे.

कामावर बोलायला जाताना आम्ही शिकलो ते असं. "मला काम द्या" एवढंच म्हणू नका. मला काय जमतं, काय जमत नाही, आणि कशाची सोय पाहिजे, हे तीन वाक्यांत सांगा. डॉक्टरांकडून "हलकं काम चालेल" असं लिहून घ्या. एकटी जाऊ नका. आणि ईएसआयचे पैसे चालू असताना, म्हणजे उपचार सुरू असताना, त्या कारणाने कामावरून काढता येत नाही हे माहीत असू द्या. राजीनाम्याच्या किंवा कोऱ्या कागदावर अंगठा, सही देऊ नका.

घरात कोणी सरकारी नोकरीत असेल तर २०१६ च्या कायद्यात आणखी स्पष्ट आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगाराचं दुसरं काम द्यायचं. तसं पद नसेल तर पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पदावर ठेवायचं. "आता घरी बसा" असं कोणी तोंडी सांगितलं तर लेखी मागा.

आणि अपघात होईपर्यंत थांबायचं असंही नाही. कंबर धरते, गुडघे उतरतात, नजर कमी होते, हाताला मुंग्या येतात, हे आपण सांगत नाही. "काढून टाकतील" ही भीती असते. ती खोटी नाही. पण मुंग्या आलेल्या हाताने प्रेसवर उभं राहणं त्याहून वाईट. त्रास सुरू झाला की केस पेपर काढा आणि काम बदलून मागा. साध्या आजारपणातही ईएसआय वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के देतं, त्यासाठी मात्र ठरलेले दिवस हप्ता भरलेला असावा लागतो.

मग पाळी आमच्यावर आली

शेवटची गोष्ट आमच्या स्वतःची आहे, आणि ती सांगायला थोडी लाज वाटते. आमच्या गटाचा मसाल्याचा उद्योग आहे. वहिनी पूर्वी तिथे मिरच्या निवडायला, कांडपावर यायची. हात गेल्यावर ती दोन महिन्यांनी आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "मला काही काम आहे का?" आमच्यातली एक पटकन म्हणाली, "वहिनी, तू बस, तुझा वाटा आम्ही देऊ."

वहिनी काही बोलली नाही. तशीच माघारी वळली. तेव्हा ताई उठल्या. म्हणाल्या, "कारखान्याच्या दारात आपण काय बोलत होतो? तेच आपल्या दारात बोला."

आम्ही गप्प झालो. मग त्याच दिवशी बसून ठरवलं. वजनकाटा भिंतीजवळच्या उंच ओट्यावर हलवला. पिशवी उघडी धरायला सुताराकडून लाकडी चौकट करून घेतली, दोनशे रुपयांत झाली. वजन करणं, पिशवी भरणं आणि रोजची नोंद वहिनीकडे दिली. वाटा नाही, मजुरी. सगळ्यांना जेवढी तेवढी. आणि आमच्या कांडप यंत्राच्या पट्ट्यावर इतकी वर्षं जाळी नव्हती, ती त्याच आठवड्यात बसवली. पदर खोचल्याशिवाय आणि केस बांधल्याशिवाय यंत्राजवळ जायचं नाही, असं भिंतीवर लिहिलं. शेजारी खिळ्याला एक वही टांगली. अपघाताची वही. देवाच्या कृपेने अजून कोरी आहे.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीने पासबुक आणा आणि वीस रुपयांची ओळ शोधा. ज्यांच्या घरातून कोणी कामाला जातं त्यांनी पगाराची चिठ्ठी आणा, त्यावर ईएसआयची कपात आणि विमा क्रमांक आहे का बघा. सातबारा कोणाच्या नावावर आहे ते बघा. हे सगळे कागद एका पिशवीत घाला आणि ती पिशवी कुठे ठेवली ते घरातल्या दुसऱ्या एकाला तरी सांगा. आणि वेळ आलीच, तर डॉक्टरांना खरं सांगा, त्याच दिवशी सांगा.

ताई आज इथे आमच्याबरोबर बसल्यात. बोलायला नको म्हणाल्या. पण हे सगळं कागदावर त्यांनीच उतरवलं आहे, डाव्या हाताने. अक्षर थोडं वाकडं आहे, पण आम्हाला वाचायला कुठेही अडलं नाही.